सर्टुइन, अमेरिकेहून आलेल्या कॅप्सूल आणि मधुमेही वडील : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 64 वर्षांचे आहेत, मधुमेह दहा-बारा वर्षांपासून आहे, हृदयात एक स्टेंट बसवलेला आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅटॉर्वास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रोज चालू आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मामेभावाने एनएमएन (पेशीतला एनएडी हा रेणू बनवण्याचा कच्चा माल) आणि रेझव्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीतले एक द्रव्य) यांच्या कॅप्सूल पाठवल्या असून त्यांनी ‘सर्टुइन’ नावाची विकरे (एन्झाइम) जागी होतात, म्हातारपण लांबते आणि साखरही ताब्यात येते, असे त्याचे म्हणणे आहे. आठवड्यातून दोन कडक उपवास केल्यानेही हेच साधते, असे वडिलांच्या वाचनात आले आहे. यात विज्ञान किती आणि जाहिरात किती, आणि हे वडिलांना द्यावे की नाही, हे आपल्याला हवे आहे.

मी मधुमेह आणि चयापचयाच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न, बहुधा बाटलीसकट, माझ्या टेबलावर बऱ्याचदा येतो. माझ्या मते सर्टुइन खरे की खोटे, हा यातला अवघड भाग नाहीच. ही विकरे आहेत, ती महत्त्वाची आहेत आणि वार्धक्याशी त्यांचा संबंधही आहे. अवघड भाग असा की, यीस्टमध्ये आणि लठ्ठ उंदरात जे दिसले त्यातले किती, स्टेंट बसवलेल्या, पाच गोळ्या घेणाऱ्या आणि बहुधा स्नायू उतरत चाललेल्या माणसाला लागू पडते. त्याचे उत्तर वडिलांच्या मूत्रपिंडांच्या स्थितीवर, ग्लिमेपिराइडच्या मात्रेवर, त्यांच्या वजनापेक्षा त्यांच्या पायातल्या बळावर आणि पूर्वी कर्करोग झाला होता की नाही यावर अवलंबून आहे. त्यामुळे पुढे जिथे मी ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ म्हटले आहे, ते आपण दिलेल्या माहितीपुरतेच समजावे.

आधी ही विकरे करतात काय, ते पाहू. पेशीतल्या अनेक प्रथिनांवर अ‍ॅसिटिल नावाचा एक छोटा रासायनिक गट चिकटतो आणि तो चिकटला किंवा सुटला की त्या प्रथिनाचे काम बदलते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरचा हा गट निघाला की गुंडाळी घट्ट होते आणि त्या भागातली जनुके गप्प बसतात. सर्टुइन हा गट काढून टाकतात. असे गट काढणारी इतर विकरेही शरीरात आहेत, परंतु सर्टुइनचे वेगळेपण असे की प्रत्येक वेळी हे काम करताना त्यांना एनएडी या रेणूचा एक नग खर्ची घालावा लागतो. शिन-इचिरो इमाई आणि लिओनार्ड ग्वारेंटे यांनी 2000 साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत हे दाखवले आणि या विषयाला खरे वळण तेव्हा लागले. एनएडी हा अन्नापासून ऊर्जा काढण्याच्या प्रक्रियेतला मधला वाहक असल्यामुळे, पेशीला अन्न मुबलक आहे की टंचाई आहे याची वार्ता त्याच्या मार्फत सर्टुइनपर्यंत पोहोचते. टंचाईत ही विकरे अधिक काम करतात आणि पेशी वाढीचा कार्यक्रम आवरता घेऊन डागडुजी आणि साठवलेल्या चरबीचा वापर यांच्याकडे वळते. म्हणजे सर्टुइन हे पेशीच्या पोषणस्थितीनुसार काम करणारे कारभारी आहेत, स्वतंत्रपणे आयुष्य वाढवणारे कोणी नव्हेत. हा एवढा मुद्दा मनात पक्का ठेवला, तर पुढच्या पुष्कळशा दाव्यांची किंमत आपोआप कळते.

आयुष्य वाढवण्याची कीर्ती त्यांना मिळाली ती यीस्टमुळे. 1999 साली ग्वारेंटे यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले की यीस्टमधल्या सर्टुइनच्या एसआयआर-2 या जनुकाची एक जादा प्रत दिली, तर यीस्टची एक मातृपेशी मरण्यापूर्वी सुमारे 30 टक्के अधिक वेळा विभागते, आणि ते जनुक काढून टाकले तर तिचे आयुष्य घटते. 2001 साली सूक्ष्म गोलकृमीवरही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वाढ तर 50 टक्क्यांपर्यंत सांगितली गेली. वर्तमानपत्रांत ‘दीर्घायुष्याचे जनुक’ असे मथळे आले ते तेव्हापासून. मात्र त्यानंतर काय घडले, हे जाहिरातीत कधी सांगितले जात नाही. 2011 साली डेव्हिड जेम्स आणि लिंडा पार्ट्रिज यांच्या गटांनी त्याच कृमींचा नीट संकर करून पार्श्वभूमीतले इतर जनुकीय फरक धुऊन काढले, तेव्हा आयुष्यवाढीचा परिणाम नाहीसा झाला. ते दीर्घायुष्य सर्टुइनमुळे आलेले नव्हते, त्या वाणात आधीपासून असलेल्या दुसऱ्याच बदलामुळे आलेले होते. फळमाशीवरचा दावाही त्या तपासणीत टिकला नाही. यीस्टमधले निरीक्षण खोटे ठरले असा याचा अर्थ नाही. एका जीवातली गोष्ट दुसऱ्यात जशीच्या तशी गृहीत धरता येत नाही, हे मात्र त्यातून कळले.

सस्तन प्राण्यांत सर्टुइन एक नसून सात आहेत आणि त्यांची कामे व ठिकाणे वेगवेगळी आहेत. पहिला, सहावा आणि सातवा मुख्यतः पेशीकेंद्रात असतात, दुसरा बहुतांशी बाहेरच्या पेशीद्रवात, आणि तिसरा, चौथा व पाचवा तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. त्यामुळे ‘सर्टुइन वाढवा’ हे वाक्यच मुळात ढिसाळ आहे. कोणता सर्टुइन, कोणत्या अवयवात, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. उदाहरणार्थ, पार्किन्सनच्या आजाराच्या प्रायोगिक नमुन्यांत दुसऱ्या सर्टुइनला रोखल्याने चेतापेशी वाचल्याचे 2007 साली दिसले. म्हणजे तिथे हे विकर वाढवणे लाभाचे नसून हानीचे ठरण्याची शक्यता आहे.

आयुष्याशी सर्वांत पक्का संबंध आढळला आहे तो सहाव्याचा. हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले 2006 च्या प्रयोगात साधारण चार आठवड्यांतच दगावली. त्यांची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरत होती, त्वचेखालची चरबी नाहीशी होत होती आणि पाठीचा कणा वाकत होता. उलट इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठात हाईम कोहेन यांच्या गटाने 2012 साली हे विकर जादा असलेले उंदीर तयार केले, त्यातील नर सुमारे 15 टक्के अधिक जगले. हे काम मला खरोखर मोलाचे वाटते, कारण तुटलेला डीएनए जोडणे आणि पेशीचा साखरवापर या दोन्हींवर एकाच विकराचा हात आहे, हे त्यातून स्पष्ट होते. परंतु हे उंदीर जन्मापासूनच तसे घडवलेले होते; साठीनंतर कॅप्सूल सुरू केलेले नव्हते.

पहिल्या सर्टुइनवर सर्वाधिक लिहिले गेले आहे आणि आपल्या वडिलांच्या दृष्टीने थोडे थांबून पाहण्यासारखा भाग इथेच आहे. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत हे विकर वाढवलेल्या उंदरांत इन्सुलिनचा स्राव सुधारतो, स्नायूंत ते तंतुकणिकांची निर्मिती वाढवणाऱ्या यंत्रणेला चालना देते आणि दाहाला आवर घालते. इथपर्यंत सगळे मधुमेह्याच्या हिताचे दिसते. यकृतात मात्र गोष्ट वेगळी आहे. उपाशीपोटी मेंदूला साखर पुरवण्यासाठी यकृत नवी साखर बनवते आणि त्या कामाला उत्तेजन देणाऱ्यांत हेच पहिले सर्टुइन आहे. मधुमेहात तर यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर बनवत असते. रात्री काही गोड खाल्लेले नसताना सकाळची उपाशीपोटीची साखर 160 कशी आली, असे रुग्ण विचारतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. 2009 साली मधुमेही उंदरांच्या एका प्रयोगात यकृतातले पहिले सर्टुइन कमी केले, तेव्हा उपाशीपोटीची साखर घटली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या संशोधनात, स्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातून ते पूर्णपणे काढून टाकले, तेव्हा यकृतात चरबी साठली. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. तेव्हा ‘सर्टुइन जागे केले की साखर उतरते’ हे मामेभावाचे वाक्य स्नायूंच्या बाबतीत काहीसे बरोबर आणि यकृताच्या बाबतीत चुकीचे ठरू शकते, आणि गिळलेल्या कॅप्सूलला स्नायूकडे जा, यकृताकडे जाऊ नको, असे सांगण्याची सोय नाही. शिवाय हे विकर सर्वांगात जादा असलेले उंदीर अधिक निरोगी राहिले, त्यांची साखर बरी राहिली, तरी त्यांचे आयुष्य वाढले नाही.

आता बाटल्यांकडे येऊ. रेझव्हेराट्रॉल हे द्राक्षाच्या सालीत आणि लाल वाइनमध्ये सापडणारे द्रव्य पहिल्या सर्टुइनला चेतवते, असे 2003 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांतच इतर प्रयोगशाळांनी दाखवले की मोजणीसाठी जोडलेल्या चमकणाऱ्या रसायनामुळे हा परिणाम दिसत होता; ते रसायन काढले की चेतना दिसत नव्हती. हा वाद पुढे बरीच वर्षे चालला आणि 2013 साली असे पुढे आले की काही ठरावीक प्रथिनांच्या बाबतीत अशी चेतना खरोखर घडू शकते. दरम्यान 2006 साली चरबीयुक्त आहार देऊन लठ्ठ केलेले उंदीर रेझव्हेराट्रॉलमुळे अधिक काळ जगल्याचे दिसले. मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या चाचणी कार्यक्रमात साधा आहार घेणाऱ्या उंदरांचे आयुष्य त्याने वाढले नाही. अतिखाण्याने बिघडलेल्या उंदराला सावरणे आणि ठीकठाक असलेल्या उंदराचे म्हातारपण लांबवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि विक्रेते पहिलीचा पुरावा दाखवून दुसरीची किंमत घेतात.

यात पैसाही मोठा गुंतला होता. सर्टुइनवर औषधे शोधण्यासाठी स्थापन झालेली सर्ट्रिस ही कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने 2008 साली 72 कोटी डॉलरला विकत घेतली आणि 2013 साली तिचे अमेरिकेतील केंब्रिजमधील केंद्र बंद केले. रेझव्हेराट्रॉलच्या त्यांच्या खास मिश्रणाची मल्टिपल मायलोमा या कर्करोगावरची चाचणी काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्यामुळे थांबवावी लागली होती. तो आजार स्वतःच मूत्रपिंडे बिघडवतो हे खरे, तरी मधुमेहाची अनेक वर्षे झालेल्या माणसाच्या घरच्यांनी ही नोंद नजरेआड करू नये.

माणसांवरील लहान चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. 2011 साली लठ्ठ पुरुषांत रोज 150 मिलिग्रॅमने चयापचयात काही सुधारणा दिसली. पुढच्याच वर्षी वजन योग्य असलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांत 75 मिलिग्रॅमने काहीही फरक पडला नाही. इटलीतील कियांती भागातल्या 783 वृद्धांच्या लघवीतील रेझव्हेराट्रॉलचे अंश मोजून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांच्या आहारात ते जास्त होते त्यांचे मृत्यू कमी झाले असे दिसले नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 2013 सालची डेन्मार्कमधील चाचणी. साधारण 65 वर्षांच्या पुरुषांना आठ आठवडे नेटाने व्यायाम करायला लावला आणि त्यातील निम्म्यांना रोज 250 मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल दिले. ज्यांना ते दिले, त्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवरचा व्यायामाचा फायदा बोथट झाला. हे सगळे आपल्या वडिलांच्या वयाचे पुरुष होते.

औषधांच्या दृष्टीने पाहता, रेझव्हेराट्रॉल रक्तातील बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) चिकटणे काहीसे कमी करते आणि दिवसाला 1 ग्रॅमच्या मात्रेत यकृतातील औषधे पचवणाऱ्या काही विकरांचा वेग मंदावते. वडील अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेत आहेत. अ‍ॅटॉर्वास्टॅटिनही त्याच यकृत-विकरांवर विसंबून आहे. त्यांना रेझव्हेराट्रॉल देऊ नका. या एका बाबतीत माझे उत्तर परिस्थितीवर अवलंबून नाही.

एनएमएनचे प्रकरण वेगळे आहे आणि ते समजण्यासाठी पुन्हा एनएडीकडे जावे लागेल. वय वाढते तसे अनेक ऊतींमध्ये एनएडी घटते. एनएडी ही घरातली रोकड समजली, तर तिच्यातून एकटे सर्टुइनच उचल करत नाहीत : डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी पार्प विकरे आपला वाटा घेतात आणि दीर्घकालीन दाह असला की सीडी-38 नावाचे विकर सर्वांत मोठी उधळण करते. उंदरांत वयानुसार होणारी एनएडीची घट बऱ्याच अंशी या सीडी-38 मुळे होते, असे 2016 साली दाखवले गेले. जिथे खर्चच बेसुमार आहे, तिथे नुसती आवक वाढवून किती काळ भागेल, ही माझी पहिली शंका. दुसरी अशी की, तोंडावाटे घेतलेल्या एनएमएनचा मोठा भाग आतडी आणि यकृत यांमध्येच निकोटिनामाइड या साध्या जीवनसत्त्वात रूपांतरित होतो. आणि प्रयोगनळीत हेच निकोटिनामाइड साठले की सर्टुइनचे काम अडवते.

एनएडी खरोखर संपत आले की माणूस कसा दिसतो, हे आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे, कारण तो आजार दख्खनच्या पठारावर होता. त्याचे नाव पेलाग्रा. तिसऱ्या क्रमांकाच्या बी जीवनसत्त्वाच्या, म्हणजे नायसिनच्या, अभावाने तो होतो आणि नायसिनपासूनच शरीर एनएडी बनवते. जगभर पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाई; हैदराबादला मात्र तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. तेथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. आता असा रुग्ण क्वचित दिसतो. दिसला तर बहुधा दारूच्या आहारी गेलेला, नीट न जेवणारा, किंवा क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असलेला असतो. अशा रुग्णाच्या मानेभोवती, सदऱ्याच्या गळ्याची कड संपते तिथपासून, काळपट खरबरीत त्वचेचा पट्टा असतो. तसाच पट्टा हातांच्या पाठीवर, जिथे ऊन लागते तिथेच. जीभ लालभडक, जुलाब चालू, स्वभाव चिडचिडा झालेला. त्याला रोज काही शे मिलिग्रॅम निकोटिनामाइड आणि पोटभर सकस अन्न दिले की जीभ आणि मनःस्थिती काही दिवसांतच सुधारते. त्वचेला अधिक वेळ लागतो. औषध अगदी स्वस्त आहे. सांगायचे कारण असे की, रिकामे झालेले भांडार भरण्याने विलक्षण फरक पडतो, हे खरेच आहे. आपल्या वडिलांचे भांडार तसे रिकामे नाही; वयाने काहीसे उतरलेले असेल, आणि त्यात वरून भर घातल्याने किती फरक पडतो हे चाचण्यांतूनच पाहावे लागते.

त्या चाचण्यांत सर्वांत नेटकी 2021 साली ‘सायन्स’मध्ये आली. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, वजन जास्त असलेल्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 25 रजोनिवृत्त स्त्रियांपैकी 13 जणींना दहा आठवडे रोज 250 मिलिग्रॅम एनएमएन दिले. स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी साथ सुमारे 25 टक्क्यांनी सुधारली. ही सुधारणा खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. परंतु वजन, रक्तदाब, यकृतातील चरबी आणि रक्तातील साखर यांपैकी काहीही बदलले नाही. एनएमएनचे भावंड असलेले निकोटिनामाइड रायबोसाइड लठ्ठ पुरुषांना रोज 2 ग्रॅम, बारा आठवडे दिले, तेव्हा इन्सुलिनची साथसुद्धा सुधारली नाही. आपले वडील या दोन्ही गटांत बसत नाहीत : त्यांना मधुमेह आधीच झालेला आहे, ते पुरुष आहेत आणि त्यांच्यावर ग्लिमेपिराइड चालू आहे.

धोक्याबाबत बोलायचे, तर काही आठवड्यांच्या या चाचण्यांत मोठे दुष्परिणाम आढळले नाहीत. वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्यांत असणे शक्य नाही. 2024 साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी असे प्रसिद्ध केले की ज्यांच्या रक्तात जादा नायसिनच्या विघटनातून येणारी अंतिम द्रव्ये अधिक होती, त्यांना हृदयविकाराचे झटके व पक्षाघात अधिक आले. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, आणि एनएमएन घेणाऱ्यांवरचा तो अभ्यासही नाही. पण एनएमएनचा शेवट त्याच वाटेने होतो आणि वडिलांना स्टेंट आहे, म्हणून मी तो मनात ठेवतो. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला होता, त्यांना मी एनएमएन घेऊ देत नाही. कर्करोगाच्या पेशींना एनएडीची भूक मोठी असते; ते बनवणाऱ्या नॅम्प्ट या विकराला रोखणारी द्रव्ये कर्करोगाची औषधे म्हणून तपासली गेली आहेत, एवढे कारण मला पुरते.

आता वडिलांना लागू पडणारी बाजू. स्नायूंत एनएडी पुन्हा वापरात आणणारे हेच नॅम्प्ट वयानुसार घटते आणि नियमित व्यायामाने वाढते. चालण्या-धावण्यासारख्या आणि वजन उचलण्याच्या, अशा दोन्ही प्रकारच्या व्यायामाने ही वाढ साठीच्या आसपासच्या माणसांतही मोजली गेली आहे. यात जिथे हवे तिथे, म्हणजे स्नायूतच, काम घडते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो व मोजमापे ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, 22.3, शरीरातील चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपला माणूस काट्यावर सडपातळ आणि आतून चरबी राखून असतो. त्याचा स्नायू मुळातच कमी असतो. अशा माणसाला ‘कमी खा, सर्टुइन जागतील’ एवढाच सल्ला दिला, तर वजनाबरोबर उरलासुरला स्नायूही उतरतो.

म्हणून माझ्याकडे असा रुग्ण आला की मी आधी दोन गोष्टी पाहतो. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजतो; पुरुषांत तो 34 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू उतरल्याची शंका घ्यावी. मग साध्या खुर्चीवर बसवून, हात छातीशी घडी करून, पाच वेळा उठ-बस करायला सांगतो. याला 12 सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पायांचे बळ कमी आहे. या आशियाई तज्ज्ञगटाने ठरवलेल्या कसोट्या आहेत आणि घरीही करता येतात. फक्त खुर्ची भिंतीला टेकवा आणि शेजारी उभे राहा. जे रुग्ण या कसोट्यांत मागे असतात, त्यांना मी उपवासाच्या वाटेला जाऊ देत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांचा भरीव वाटा आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस बळ वाढवणारा व्यायाम हाच उपचार. स्टेंट असल्यामुळे सुरुवात हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने आणि हलक्या भाराने व्हावी.

उपवासाचा प्रश्न आपण शेवटी विचारला असला, तरी तातडी त्याचीच आहे. खाणे आवरल्याने माणसांत काय होते, याची चांगली चाचणी अमेरिकेत दोन वर्षे चालली. तिच्यात 218 जण होते आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जणांना उष्मांक 25 टक्क्यांनी कमी करायचे होते. प्रत्यक्षात सुमारे 12 टक्केच जमले. तेवढ्यानेही रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनची साथ सुधारली. त्याबरोबर हाडांची घनता थोडी घटली. ती सगळी माणसे निरोगी आणि लठ्ठ नसलेली होती. ग्लिमेपिराइड हे औषध पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. त्यामुळे ती गोळी घेऊन केलेला कडक उपवास म्हणजे साखर झपाट्याने उतरण्याला आमंत्रण. हृदयविकार असलेल्या माणसाला अशी उतरलेली साखर विशेष घातक ठरते. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर दीर्घ उपवासात साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा वेगळा धोका असतो. आणि आपला नेहमीचा एकादशीचा उपवास म्हणाल, तर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन टंचाईची वार्ता सर्टुइनपर्यंत जाण्याचे काही कारण नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. धार्मिक श्रद्धेने उपवास करायचा असेल तर अवश्य करावा, पण आदल्या भेटीत त्या दिवसाची गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रात्रीचे जेवण साडेसातच्या आत आणि हलके घेणे, मधल्या वेळचे फराळाचे डबे बंद करणे, एवढा बदल मी बहुतेकांना सुचवतो, आणि त्यातही ग्लिमेपिराइडची मात्रा पुन्हा पाहावी लागते.

मेटफॉर्मिन तर ते घेतच आहेत. टंचाईची खबर देणाऱ्या एएमपीके या यंत्रणेला ते चालना देते आणि त्या यंत्रणेचे धागे सर्टुइनशी जोडलेले आहेत. म्हणजे मामेभाऊ ज्या वाटेबद्दल सांगतो आहे, तिच्यावरून वडील स्वस्त आणि दीर्घकाळ पारखलेल्या गोळीने आधीच चालत आहेत. मात्र मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-12 घटते. पायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर वार्धक्याच्या माथी मारण्याआधी ते एकदा तपासून घ्या.

तर रेझव्हेराट्रॉलची बाटली बाजूला ठेवा. एनएमएन मी सुचवणार नाही. पण वडिलांची फारच इच्छा असेल, कर्करोगाचा पूर्वेतिहास नसेल आणि हृदयरोगतज्ज्ञांना सांगून करणार असाल, तर रोज 250 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि त्याच काळात दुसरा कोणताही बदल करू नये, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज), मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन, आणि खुर्चीची चाचणी करावी. चारही जागच्या जागी असतील तर ते थांबवावे. भेटीला जाताना बाटलीच्या लेबलाचा फोटो बरोबर न्या, कारण अशा कॅप्सूलमध्ये मोठ्या मात्रेतले नायसिनही मिसळलेले असू शकते आणि त्याने मधुमेह्याची साखर चढते. वडिलांचा ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग), ग्लिमेपिराइडची सध्याची मात्रा आणि पोटरीचे माप कळवलेत, तर रात्रीच्या जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, ते मला लिहून देता येईल.